लावलेले केस आणि बाबांचं डोकं

गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनच्या नऊ नंबरवर वाशी लोकलची वाट बघत होतो. ऑफिसमधला एक मुलगा, वय २८, शेजारी येऊन उभा राहिला. दोन मिनिटं पावसाबद्दल बोलला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, एक पर्सनल विचारू? तुम्ही केस लावलेत ना? टिकतात का हो?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. पाठीमागे काय बोलतात ते कळतंच. या पोराने घणसोलीच्या एका क्लिनिकमध्ये दहा हजार भरून तारीखसुद्धा घेतली होती. गाडी आली, गर्दीत शिरलो, ऐरोली येईपर्यंत मी त्याला "टिकतात" एवढंच सांगू शकलो. आणि जिना चढताना वाटलं, बोललो ते खरं आहे, पण पोराला फसवलं.

म्हणून हे सगळं लिहितोय.

मी २०१३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर केस लावून घेतले. वय ३२. मुली बघणं चालू होतं आणि बायोडेटावरचा फोटो चार वर्षं जुना होता. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेले होते, मध्ये एक झुपका उरला होता. २१०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके, ग्राफ्टमागे ४० रुपये, म्हणजे ८४ हजार, आणि वर १२.३६ टक्के सर्व्हिस टॅक्स. हो, सरकार ह्याला उपचार मानत नाही, हौस मानतं. आता जीएसटी १८ टक्के आहे आणि मेडिक्लेम एक रुपया देत नाही.

तेव्हा माझ्यावर एफयूटी झालं. म्हणजे डोक्याच्या मागून, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, कातडीची लांबट पट्टी कापून काढायची, जखमेला टाके घालायचे, आणि त्या पट्टीतून एकेक मूळ सुटं करून पुढे लावायचं. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. हल्ली एफयूई जास्त चालतं, त्यात पट्टी कापत नाहीत, बारीक पंचने एकेक ग्राफ्ट उचलतात. माझ्या वेळी एफयूई महाग होतं. साडेसहा तास लागले. भूल फक्त जागेपुरती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. दोन टेक्निशियन मुली पूर्ण वेळ कुणाच्या तरी साखरपुड्याच्या साड्यांबद्दल बोलत होत्या. मला त्या साड्यांचे रंग अजून आठवतात.

घरी आल्यावर आई रडली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणजे जिथून सरकला की थेट मानेपर्यंत अडवायला काही नव्हतं तिथे, आणि म्हणाले, "एवढे पैसे घातलेस. माझं डोकं बघितलं असतंस तर फुकटात कळलं असतं कुठे जायचंय ते."

मला राग आला होता. वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं नोकरी केलेला माणूस, टक्कल म्हणजे श्रीमंतीचं लक्षण असं म्हणत एक खोलीच्या घरातून दोन खोल्यांच्या घरात आलेला. त्यांना काय कळणार, असं वाटलं.

पुढचं सगळ्यांचं सारखंच असतं, भराभर सांगतो. आठ-दहा दिवसांत खपल्या पडल्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लावलेले केस गळून गेले आणि मी क्लिनिकला फोन करून अक्षरशः भांडलो. ते गळतातच. मूळ आत राहतं, केस पडतो. चौथ्या महिन्यात बारीक, वेडेवाकडे कोंब आले. वर्षभराने, म्हणजे २०१४ च्या दिवाळीत, मी राम मारुती रोडवर नवा शर्ट घेतला आणि ट्रायल रूमच्या आरशात स्वतःकडे नको तितका वेळ बघत बसलो. २०१५ ला लग्न झालं. लग्नाच्या अल्बममध्ये माझे केस छानच आहेत, ते नाकारणार नाही.

आता टिकण्याचं. हे केस टिकतात यामागे एक साधी गोष्ट आहे. न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेन्ट्राइख नावाच्या त्वचेच्या डॉक्टरने १९५० च्या दशकात डोक्यावरच्या कातडीचे छोटे गोल तुकडे इकडचे तिकडे करून पाहिले. मागचा केसाळ तुकडा टकलावर लावला तर त्यावर केस येत राहिले. टकलाचा तुकडा केसांत लावला तर तो तिथेही टकलाच राहिला. म्हणजे केस जिथून आला तिथला स्वभाव बरोबर घेऊन येतो. १९५९ मध्ये त्याने हे छापलं आणि सगळा धंदा त्यावर उभा राहिला. पुढच्या आणि भोवऱ्याच्या केसांची मुळं डीएचटी नावाच्या हार्मोनला हळवी असतात. ती दर फेरीला आखडतात, केस आधीपेक्षा बारीक उगवतो, मग आणखी बारीक, मग नुसती लव. मागच्या आणि कानाजवळच्या मुळांना त्या हार्मोनचं फारसं काही वाटत नाही. तीन हात नाक्यावर होर्डिंगवर 'परमनंट' लिहितात ते या जोरावर.

पण ह्या गोष्टीत दुसरी बाजू आहे, ती होर्डिंगवर मावत नाही. लावलेला केस राहतो. त्याच्या शेजारचा, तुमचा जन्मजात केस, तो त्याच्या ठरलेल्या वाटेने जातच असतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की तुम्ही ८४ हजार भरलेत.

त्याला थोपवायला फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी असते. मला २०१३ पासून चालू होती. २०१७ मध्ये मूल हवं असं ठरलं तेव्हा मी इंटरनेटवर काहीबाही वाचून स्वतःच्याच मनाने बंद केली. डॉक्टरला विचारायला हवं होतं. मुलगी २०१८ ला झाली. मग रात्रीची जागरणं, लसीकरण, प्लेग्रुप, ऑफिस. गोळी परत चालू करायची राहूनच गेली. ही गोळी सोडली की तिने राखलेलं साधारण वर्षभरात जातं. माझं गेलं. पण मला दिसलं नाही, कारण आरशात पुढचंच दिसतं आणि पुढे सगळं जागेवर होतं. बायको म्हणायची, मागे पातळ झालंय. मी म्हणायचो, ट्यूबलाइट वरून पडतेय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला आणि जुलैत झुपकेच्या झुपके हातात यायला लागले. लावलेले केससुद्धा. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, आणि बहुतेक वेळा परत येतात. पुढचे सगळे परत आले. तेव्हा मी मनातल्या मनात त्या क्लिनिकला शंभरपैकी शंभर दिले.

मग २०२३ च्या जानेवारीत बाबा गेले.

दहाव्या दिवशी मी आणि दोन चुलतभाऊ केस काढायला बसलो. आमचा नेहमीचा चंदनवाडीचा सलूनवाला आला होता. तो माझे केस २०१६ पासून कापतोय, त्याला सगळं ठाऊक आहे, मागे चार नंबरच्या खाली मशीन लावत नाही. त्याने वस्तरा हातात धरला आणि हळूच विचारलं, "साहेब, पूर्ण?" मी म्हटलं, पूर्ण.

केस उतरले आणि मागे माझ्या काकांचा आवाज आला, "अरे, हे काय? कधी पडलास? केवढे टाके!" डोक्याच्या मागे, कानापासून कानापर्यंत पांढरी रेघ, नऊ वर्षं केसांखाली लपलेली. जमलेले पंधरा-वीस लोक बघत होते. चुलतभावाला कळलं होतं, तो खाली बघत होता. आईने पटकन सांगितलं, "लहानपणी पडला होता." काकांनी मला लहानपणापासून पाहिलंय. ते काही बोलले नाहीत. बाबा असते तर बोलले असते.

पण खरी गंमत, गंमतच म्हणतो आता, आठवड्याभराने झाली. खुंट उगवायला लागले. कपाळावर सरळ, दाट, काळे ठिपके, ओळीत. त्याच्या मागे काही नाही. म्हणजे नजर लावून बघितलं तर लव, पण हाताला लागत नव्हती. पार भोवऱ्यापर्यंत मोकळं, आणि मग कानांच्या वरून परत दाट. सलूनवाला बघायला आला तेव्हा म्हणाला, "भाताची लावणी केल्यासारखं दिसतंय साहेब. मागे पाऊस पडला नाही."

समोर भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो होता. आरशात मी. बरोब्बर तेच डोकं, फक्त पुढे एक काळी पट्टी चिकटवलेली. केस लांब असताना मी ते पुढचेच मागे वळवून झाकत होतो, आणि झाकतोय हे मला स्वतःलाही कळत नव्हतं.

केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. चारेक महिन्यांत परत झाकलं गेलं.

२०२४ च्या पावसाळ्यात शेवटी घोडबंदर रोडला एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, पन्नाशीच्या, घाई अजिबात नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "वडिलांचं किती गेलं होतं? मामांचं? आजोबांचं?" मी गप्पच झालो. २०१३ मध्ये मला कपाळाचे फोटो काढायला लावले, पॅकेज सांगितलं, हप्ते सांगितले. माझ्या बापाचं डोकं कसं आहे हे एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

त्यांनी छोटं भिंग लावून स्क्रीनवर दाखवलं. लावलेले केस जाड आणि निरोगी. थोडे बारीक झालेत, कारण वयाबरोबर मागचे केसही थोडे बारीक होतात आणि हे शेवटी मागचेच. थोडे पांढरेही झालेत. ते पॅकेजमध्ये नव्हतं. मग त्या म्हणाल्या की तुमची पुढची रेघ ३२ वर्षांच्या मुलासाठी आखलेली आहे, आणि खूप खाली आखलेली आहे. तिच्यात बरेच ग्राफ्ट खर्ची पडले. आता रेघेच्या मागे टकलाची जागा मोठी झालीय आणि डोक्याच्या मागचा केसांचा साठा तेवढाच. मागचा केस एकदा काढला की तिथे दुसरा उगवत नाही, फक्त जागा बदलतो, हे मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. भोवऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे विहिरीसारखं असतं, कितीही घाला, भरल्यासारखं दिसत नाही."

दुसरं सिटिंग त्यांनी करू नका असंही सांगितलं नाही, करा असंही नाही. आधी वर्षभर गोळी आणि मिनॉक्सिडिल नावाचं केसवाढीचं औषध, मग बघू. गोळीचे त्रास काय होऊ शकतात, लैंगिक इच्छेबद्दलचेसुद्धा, स्पष्ट सांगितले. आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती: पुढे कधी प्रोस्टेटसाठी रक्ताची पीएसए तपासणी केली तर डॉक्टरला ही गोळी चालू आहे असं सांगायचं, कारण तिच्यामुळे तो आकडा साधारण निम्मा दिसतो. फी ९०० रुपये. २०१३ चं कन्सल्टेशन फ्री होतं.

आता वर्ष झालं. भोवऱ्यावर थोडी दाटी आलीय, बायको म्हणते, आणि ह्या बाबतीत मी आता तिचंच ऐकतो. दुसरं सिटिंग मी करणार नाही बहुतेक. पैशाचं नाही एवढं. परत सहा तास पालथं पडून साड्या ऐकायचं वय राहिलं नाही.

त्या पोराला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं. त्याला म्हटलं, ॲडव्हान्सचे दहा हजार गेले तर जाऊ देत, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव. कापणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन, ते नाव विचार. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये ह्याबद्दल नियमावली काढलीय, की हे काम शिकलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरनेच करायचं, व्हिडिओ बघून शिकलेलं चालणार नाही. रेघ जरा वरच आखायला सांग, ४५ व्या वर्षीच्या चेहऱ्याला शोभेल अशी. गोळी किती वर्षं घ्यायची तयारी आहे ते आधी ठरव. तो मान हलवत होता, पण त्याचं लक्ष माझ्या कपाळाकडे होतं. शेवटी म्हणाला, "पण सर, पुढून तर एकदम मस्त दिसतंय."

परवा रात्री त्याचा व्हॉट्सॲप आला. मागच्या वर्षीच्या गणपतीतला फोटो: मखरासमोर वडील, दोन काका आणि मामा ओळीत उभे, हात जोडलेले. चौघांपैकी तिघांच्या डोक्यावर दिव्यांच्या माळेचं प्रतिबिंब पडलंय. चौथ्याने टोपी घातलीय. खाली लिहिलंय, "सर, ह्यातला मी कोणता?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. टोपीखाली काय आहे ते आधी विचारलंय.