सान सेबास्तियानमध्ये जेवायचं कुठे?

उत्तर स्पेनमधलं सान सेबास्तियान तसं लहानच, लोकवस्ती दोन लाखांच्या आत. पण तीन मिशलिन स्टारवाली, म्हणजे मिशलिन या फ्रेंच गाइडने सर्वोच्च दर्जा दिलेली, तीन रेस्टॉरंट्स इथे हाकेच्या अंतरावर आहेत: अर्झाक, अकेलारे आणि शेजारच्या लासार्तेमधलं मार्टिन बेरासातेगी. अर्झाकने तर हे तीन स्टार १९८९पासून टिकवलेत. यांतल्या कुठेही टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांची रांग, घ्यायचा तर माणशी अडीचशे युरोंच्या वरच, वाइन वेगळी. नवऱ्याने मनात रुपयांचा हिशेब केला आणि एकदम समुद्राची हवा किती छान आहे यावर बोलायला लागला. मग काय, जुन्या गावाकडे वळलो.

तिथे ‘३१ ऑगस्ट’ नावाचा एक रस्ता आहे. १८१३ साली याच तारखेला इंग्रज-पोर्तुगीज फौजेने फ्रेंचांकडून शहर घेतलं, लुटलं, आणि आगीत जवळपास सगळं जळून गेलं. वाचलेल्या थोड्या घरांचा हा रस्ता. आता दोन्ही बाजूंना बारच बार, आणि आत कोपराला कोपर लावून उभी माणसं.

बारमधल्या अशा छोट्या खाण्याला स्पेनमध्ये इतरत्र तापास म्हणतात, इथे पिंचो. काडीला खोचलेलं किंवा पावाच्या चकतीवर रचलेलं. त्यातला सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणजे हिल्दा: हिरवं ऑलिव्ह, खारवलेली अँचोव्ही ही छोटी मासळी आणि व्हिनेगरमधल्या लांबट मिरच्या. हॉलिवूडच्या रिटा हेवर्थच्या १९४६च्या ‘गिल्डा’ सिनेमावरून नाव पडलं, स्पॅनिश उच्चारात हिल्दा. मिरची नावालाच तिखट, पण खारट-आंबट असं काही जमून येतं की तोंडाला पाणी सुटतंच. सोबत चाकोली, ही इथली आंबटसर पांढरी वाइन. बारवाला बाटली हातभर वर धरून ग्लासात धार सोडतो. थेंब इकडेतिकडे उडतात, त्याला काही वाटत नाही.

काउंटरवर मांडलेले पिंचो बघून नवी माणसं ताट भरून घेतात. एका बारमध्ये एखाददुसराच खावा आणि पुढे सरकावं, ही इथली रीत. खरी मजा मात्र मागच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते. ते पदार्थ सांगितल्यावर गरम करून देतात. १९७६च्या सुमारास अर्झाक, अकेलारेचे सुबिहाना वगैरे शेफनी बास्क, म्हणजे या प्रांताचा, स्वयंपाक हलका, नव्या वळणाचा करायला घेतला, आणि ते वारं हळूहळू बारांपर्यंत पोचलं. ‘बोर्दा बेरी’मधली इदियासाबाल चीजची रिसोतो घ्या. भाताऐवजी तांदळाएवढा पास्ता, वाटीभरच, पण मेंढीच्या दुधाच्या त्या चीजचा धुरकट वास अगदी शेवटच्या चमच्यापर्यंत येतो. पाचेक युरोंत हे मिळत असताना अडीचशे कशाला मोजायचे? माझं मत फळ्याला.

शाकाहाऱ्यांनी मात्र प्रत्येक वेळी विचारून घ्यावं. वरवर भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थातही हॅमचा तुकडा निघतो. बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, आणि मशरूम, यांवर निभावतं. अर्थात अंडं चालत असेल तर.

गोडाला त्याच रस्त्यावरचं ‘ला विन्या’. वरून काळपट भाजलेलं, मधोमध लिबलिबीत असं त्यांचं चीजकेक आता पुण्या-मुंबईच्या कॅफेंतही ‘बास्क’ नावाने मिळतं. इथे ते उभ्याने, गर्दीत खायचं.

आणि कधी हात सढळ झालाच, तर मी अकेलारे निवडीन, तेही दुपारचं. इगेल्दो डोंगरावर ते आहे, खाली नुसता समुद्र. रात्री गेलं तर तो दिसायचा कसा?