तुम्ही विचारलंत म्हणून: गुपित पेटीत नको, वहीत ठेवा

वर्धेकडच्या एखाद्या गावात, मिशनच्या जुन्या बंगल्याभोवती, दोन काळांत चालणारी ख्रिस्ती रहस्य कादंबरी लिहायची आहे, सुरुवात कुठून करू? हा प्रश्न मला नेहमी येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा कबरस्तानात पुरलेली पत्र्याची पेटी आधीच तयार असते. ती काढून टाका. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कबरींचे दगड कलतात ते त्यामुळंच. शंभर पावसाळ्यांत पत्रा गंजतो आणि आतल्या चिठ्ठीचा लगदा होतो.

गुपित दोन वह्यांमधल्या विसंगतीत ठेवा. एक चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर, दुसरं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही. साल घ्या १९००, छप्पन्या दुष्काळ. रजिस्टरात अनाथाश्रमातली एक मुलगी आहे. वय अंदाजे ६, नाव नवं, आईबापाचा रकाना कोरा. त्याच महिन्यात कोतवाल बुकात त्याच वयाची मालगुजाराची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाची, पुतणी पटकीनं मयत. मुलगी एकच, नोंदी दोन. कोतवाल बहुधा निरक्षर, तो सांगणार आणि दुसरा कुणी लिहिणार. खोटं घुसवायला एवढं पुरे.

पण चुलत्यानं हे का करावं? इथंच बरीच हस्तलिखितं ढासळतात, कारण लेखक सगळा भार 'धर्म बदलला म्हणून तोडलं' यावर टाकतो. १८५० च्या कायद्यानं धर्मांतरितांचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. बाप वाटणी करून वेगळा झालेला, त्याला मुलगा नाही, बायको आधीच गेलेली, तर गावातला त्याचा आठ आण्यांचा, म्हणजे निम्मा, हिस्सा मुलीकडे जाणार. बाप्तिस्म्यानं चुलत्याचं काम होत नाही. त्याला पोरगी मेलेलीच हवी.

वऱ्हाड मी मुद्दाम टाळतो. तिथं रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला देई, आणि तेव्हा तो हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली होता. नागपूर-वर्ध्याकडं मालगुजारी, ती १९५१ मध्ये गेली. त्यामुळं आजची नायिका १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, काढते तेव्हा तिला दिसते ती चुलत्याच्या वंशाची, म्हणजे तिच्याच आजोबांची, जमीन.

मग ती रजिस्टर उघडते. जुनी शाई तपकिरी पडलेली, आणि कोऱ्या राहिलेल्या बापाच्या रकान्यात निळ्या बॉलपेननं एक नाव. आपल्याकडं बॉलपेन रुळलं ते १९५० नंतर. म्हणजे मधल्या काळात कुणाला तरी कळलं होतं आणि त्यानं तोंड उघडलं नाही. मी ते अक्षर एका पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, करीन, कारण मरणशय्येवर ऐकलेला कबुलीजबाब बोलता येत नाही आणि विसरताही येत नाही. मात्र हा पाळक १९६५ चा असेल तर त्याच्या तोंडी 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' घालू नका. ते नागपुरातच स्थापन झालं, पण नोव्हेंबर १९७० मध्ये.

साक्षीदाराचं गणित कागदावर मांडा. १८९४ ची ती मुलगी १९७२ मध्ये ७८ वर्षांची. तेव्हा दहाची असलेली नात आज साठी ओलांडलेली. तिला बोलू द्या, वऱ्हाडी वळणानंच: "आजी सांगे, मले मेलेली लिवली होती म्हणून." जुन्या काळाची प्रकरणं आखूड ठेवा, तीन आजची तर एक तेव्हाचं. नाव बदलल्याचं वाचकाला नायिकेआधी कळू द्या. मृत्यू कुणी नोंदवला ते मात्र दोघांना एकदमच कळावं.

ख्रिस्तीपण कुठं येतं? प्रार्थनेनं पुरावा सापडला की मी हस्तलिखित बाजूला ठेवतो. नायिकेला धीर मिळू द्या, कागद तिनंच शोधावा. खरा पेच शेवटी येतो. बायबलात लूक १९ मधला जकातदार जक्कय माफी मागून थांबत नाही, फसवून घेतलेलं चौपट परत देऊ म्हणतो. आज त्या शेतावर नायिकेच्या भावाचं पीककर्ज आहे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, सगळे तिला 'क्षमा कर, विसर' म्हणतील, आणि चुलत्याच्या वंशाची म्हणून क्षमा तर तिनंच मागायची आहे. हा प्रसंग सावकाश लिहा. भावाला खलनायक करू नका, त्यानं काहीच लपवलेलं नाही.

खरी रजिस्टरं पाहायची असतील तर पाळकांची परवानगी घ्या आणि नावांबरोबर आडनावंही बदला. या मंडळ्या लहान असतात, एका आडनावावरून अख्खं घर ओळखू येतं.