आठवड्याचे भाडे आणि महिन्याचा हिशोब

परदेशी राहायला जाण्यापूर्वी मी वहीत मासिक खर्चाचा जो अंदाज मांडला होता, त्यातली पहिलीच ओळ चुकली होती. घरभाडे आठवड्याच्या दराने सांगितले होते. मी त्याला 4 ने गुणले आणि तोच महिन्याचा आकडा धरला. वर्षाचे आठवडे मात्र 52 असतात. आठवड्याला 200 भाडे असेल, तर वर्षाचे 10,400 आणि महिन्याचे सुमारे 867 होतात, 800 नव्हे. दरमहा ही तफावत किरकोळ वाटते, पण वर्षाअखेरीस ती बरोबर 800 भरते, म्हणजे माझ्या हिशोबातले महिन्याभराचे संपूर्ण भाडेच.

तेव्हापासून मी प्रत्येक खर्च आधी वर्षाचा काढतो आणि मग त्याला 12 ने भागतो. विम्याचा हप्ता, व्हिसाचे नूतनीकरण, थंडीत वाढणारे हीटिंगचे बिल, मायदेशी जाऊन येण्याचे विमानभाडे हे खर्च दरमहा समोर येत नाहीत, म्हणून अंदाजातून निसटतात आणि ज्या महिन्यात येतात त्या महिन्याची सगळी शिल्लक खाऊन टाकतात. भाड्यात वीज, पाणी आणि हीटिंग धरले आहे का, हेही आधीच लेखी विचारून घ्यावे. जमेच्या बाजूला नियुक्तिपत्रावरची रक्कम मांडू नये. प्राप्तिकर आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी वजा जाता हाती पडेल तीच मांडावी.

पहिल्या महिन्याचे पान मात्र वेगळेच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. पगार महिनाअखेरीस होणार असेल आणि घरमालक एका महिन्याचे भाडे अनामत म्हणून व एका महिन्याचे आगाऊ मागत असेल, तर पहिला पगार जमा होण्याआधीच दोन भाड्यांएवढी रक्कम हातावेगळी झालेली असते. त्यात घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या मुक्कामाचा खर्च आणि रिकामे घर मिळाल्यास गादीपासून दिव्यापर्यंतची खरेदी वाढते. ही रक्कम मासिक खर्चात मिसळली की दोन्ही आकडे निरुपयोगी होतात.

पैसे पाठवताना ‘शुल्क शून्य’ एवढेच वाचून थांबू नये, कारण बँकेचा नफा बहुधा विनिमय दरातच दडलेला असतो. त्या दिवशीचा बाजारातला दर पाहून, त्या दराने किती रक्कम पोहोचायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती पोहोचली, यांतला फरक मी ‘पाठवणी’ या वेगळ्या रकान्यात लिहितो. पगार तिथल्या चलनात सुरू झाला की वहीही त्याच चलनात ठेवावी. प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात मायदेशाच्या चलनात मोजत राहिलो, तेव्हा मी गरजेचे जाड जाकीटसुद्धा दोन महिने घेतले नव्हते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी अंदाजाचे आकडे पेन्सिलीने खोडून त्यांच्या जागी बिलांवरचे आकडे शाईने लिहिले.