आमची वाटचाल : कडीपाटावरची गच्ची

बडोद्यात वॉटरप्रूफिंगवाले ढीगभर मिळतील, पण रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीच्या गल्ल्यांमधले जुने वाडे म्हटले की बरेचजण "येऊन बघतो" म्हणतात आणि परत फोन उचलत नाहीत. आमचं काम तिथूनच सुरू झालं. वडील रंगकामाचे कंत्राट घ्यायचे, दर दिवाळीला त्याच त्या घरांतून छतावरचे डाग झाकायला बोलावणं यायचं, शेवटी मीच म्हटलं बाबा, एकदा वर चढून बघू तरी पाणी शिरतंय कुठून.

ह्या वाड्यांचं छत म्हणजे सागवानी तुळया, त्यावर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, त्यावर तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्या आणि सगळ्यात वर चुन्याचं धाबं, म्हणजे गच्चीचा जाड थर. जुन्या लोकांनी चुन्यात गूळ, मेथी, बेलफळाचं पाणी घालून थाप्यांनी दिवसच्या दिवस कुटून केलेलं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, चुना ते बऱ्यापैकी निभावून नेतो. सिमेंट नाही नेत. धाबं गळायला लागलं की कोणीतरी त्यावर ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर टाकतं, वर चायना मोझॅक म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे, दोन-तीन पावसाळे मस्त जातात, मग बारीक चिरा पडतात आणि पाणी खाली थेट टपकत नाही, लाकडात मुरत राहतं. बाहेरून कोरडं दिसतं हीच पंचाईत.

रावपुऱ्यातल्या एका काकूंकडे असंच. म्हणाल्या, "अरे, मागचा माणूस सांगत होता अजून एक थर टाकला की दहा वर्षं बघायला नको." एक कोपरा फोडला तर मोझॅक, कोबा, डांबराचा कागद, परत कोबा आणि मग चुना. दहा बाय दहाच्या खोलीवर चार इंच कोबा म्हणजे जवळजवळ पावणेदोन टन वजन होतं, इथे तर दोन थर. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तपासायला स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढला तर टोकावर ओला भुसा आणि उधईची, म्हणजे वाळवीची माती. काकू म्हणाल्या, "झाकून टाक रे, बघवत नाही."

तेव्हापासून आमचा नियम एकच, लाकडी छतावर वजन वाढवायचं नाही, असलेलं उतरवायचं. कुजलेली टोकं कापून नवीन सागवान जोडायचं, आणि ढाळ कोब्याने द्यायचा नाही, कड्यांवर उतरते बत्ते म्हणजे लाकडी पट्ट्या ठोकून द्यायचा, साधारण ऐंशीला एक, म्हणजे ऐंशी इंचांत एक इंच उतार. त्यावर बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, दोन शीटमध्ये ३ मिमी फट सोडून, आणि जुनी तक्तपोशी आणि नवीन प्लाय ह्यांच्यामध्ये मोकळी जागा, दोन्ही टोकांना जाळी लावलेली भोकं, म्हणजे हवा खेळती राहते आणि कुठे ओल आलीच तर सुकते. गच्ची कोणाचीही असो, ही भोकं सुतार "काय गरज" म्हणून बुजवायला बघतातच, मी स्वतः उभा राहतो.

वरचं आवरण ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची शीट, थंड गोंदाने चिकटवलेली. गॅसच्या ज्योतीने डांबरी मेम्ब्रेन चिकटवणारे स्वस्तात करून देतात, पण खाली शंभर वर्षं वाळलेलं सागवान असताना वर बर्नर चालवायची माझी तरी हिंमत नाही. कठड्यापाशी वाटा मारून, म्हणजे कोपरा गोलसर करून, शीट तयार फरशीच्या वर सहा इंच चढवतो, भिंतीत खाच पाडून आत दाबतो, दाराचा उंबराही तेवढाच उंच, ह्यावर भांडणं होतात कारण आजी-आजोबांना पाय उचलावा लागतो, मग आतून एक पायरी करून देतो. शीटवर फिकट रंगाच्या टाइल्स स्टँडवर मोकळ्या ठेवलेल्या, मे महिन्यात काळं रबर तापू नये आणि कधीही उचलून खाली बघता यावं म्हणून.

टेस्टिंगला पाणी भरतो पण इंचभरच. दहा बाय दहावर एक इंच पाणी म्हणजे २३५ किलो, काँक्रीटच्या स्लॅबवर भरतात तसं चार इंच इथे भरून चालत नाही.

आणि बडोद्याची खरी टेस्ट १४ जानेवारीला. उत्तरायणला अख्खं खानदान, शेजारी, सुरतहून आलेले जावई, स्पीकर, सगळं त्या एका गच्चीवर आणि पतंग कापला की सगळे एकाच कठड्याकडे धावतात. म्हणून वजनाचा हिशोब इंजिनियरकडून करून घेतल्याशिवाय आम्ही काम घेत नाही, आणि कोटेशनमध्ये स्पष्ट लिहितो की मंडपासाठी फरशीत खिळा ठोकला तर गॅरंटी गेली. लोक हसतात, पण सही करतात.

पतंगाचे कागद आणि मांजाचे गुंते पाइपाच्या जाळीत अडकतात ते मात्र कोणाच्या लक्षात येत नाहीत, जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचं तळं होतं. म्हणून प्रत्येक गच्चीला कठड्यातून एक जास्तीचा ओव्हरफ्लो पाइप देतो, आणि वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, उलटलं की आमचा माणूस घरोघरी जाऊन जाळ्या साफ करून येतो. त्याचे पैसे लावत नाही. नवीन काम मात्र एप्रिलनंतर घेत नाही, कोणी कितीही ओळख काढली तरी.