कोर्टातल्या रखमाबाई

डॉ. रखमाबाईंचं नाव निघालं की लोक ‘देशातल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक’ एवढं म्हणून पुढे जातात. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, म्हणून असेल, पण मला मुंबई हायकोर्टातल्या रखमाबाई जास्त भिडतात. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवरा दादाजी भिकाजी ‘नांदायला पाठवा’ म्हणून कोर्टात गेलेला. १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदा, नाहीतर सहा महिने कैद. जेमतेम बाविशीतली ही मुलगी म्हणाली, कैद चालेल! तेही टिळकांचा ‘केसरी’ विरोधात असताना. केवढं बळ लागलं असेल! पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. घाबरलेल्या अशील बायकांना मी रखमाबाईंबद्दल आवर्जून सांगते.