घरचा पतंग: सगळा खेळ कमानीचा

गिरगावातल्या आमच्या इमारतीत दिवाळीचा कंदील विकत आणला की शेजारी नावं ठेवतात. काड्या, पतंगी कागद, खळ, खोलीभर पसरलेली वर्तमानपत्रं, हा पसारा दरवर्षी घरोघरी असतो. संक्रांत आली की मात्र तीच माणसं मुकाट डोंगरीला जाऊन डझनाने पतंग घेऊन येतात. सामान तेच, हात तेच, मग पतंग घरी का नाही? भाच्याच्या सुट्टीत हे करून बघायचं ठरवलं.

कंदिलाची सवय पतंगाला उपयोगी पडत नाही, उलट आडवी येते. कंदिलाचा सांगाडा जितका ताठ तितका चांगला. पतंगाची आडवी काडी, म्हणजे कमान, लवली पाहिजे. दोरा खेचला की कमानीची दोन्ही टोकं वाऱ्याने मागे जातात, पतंगाला होडीच्या तळासारखा बाक येतो आणि तो नाक असेल त्या दिशेने सरळ सुटतो. ढील दिली की कमान पुन्हा सपाट होते आणि पतंग जागच्या जागी फिरायला लागतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की परत खेचायचं. गच्चीवरची पोरं पतंग डावी-उजवीकडे नेतात, पेच घेतात, ते सगळं एवढ्यावरच. म्हणजे कमान ताठ झाली तर पतंग ऐकणार नाही, आणि फार मऊ झाली तर वारा तिला दुमडून टाकणार.

भाच्याला धीर नव्हता, म्हणून आधी त्याच्यासाठी एक छोटा केला. खराट्याचे दोन हीर, प्रत्येक बाजू वीतभर असलेला चौकोनी कागद, आणि चिकटवायला भाताची शितं. आमच्या आईच्या पिढीने असेच पतंग केले. हिराचं एक टोक जाड, दुसरं बारीक, त्यामुळे तो एका बाजूला झुकतो. मग बारीक टोकाकडे कागदाची छोटी चिंधी चिकटवून वजन सारखं करायचं आणि खाली हातभर शेपटी लावायची. गॅलरीतून पळवायला उत्तम. वर्तमानपत्राचा कागद मात्र घेऊ नका, एवढ्या लहान पतंगाला तो जड होतो.

खऱ्या पतंगाला बांबू लागतो. कंदिलाच्या उरलेल्या काड्या मी बाजूला ठेवल्या, कारण त्या एकसारख्या नव्हत्या आणि बऱ्याचशा आतल्या गराच्या होत्या. बांबूची ताकद सालीला लागून असलेल्या भागात असते. आतला भाग तासून टाकायचा आणि साल राखायची. हे मला सुपं-टोपल्या विणणाऱ्या एका बुरूड काकांनी दाखवलं. चिरताना फाट मधूनच एका बाजूला पळायला लागते आणि एक पट्टी बारीक होत जाते. अशा वेळी मी सुरी जोरात दाबत होते. काका म्हणाले, "ताई, जोर लावू नका. जी बाजू जाड राहतेय ती वाकवा, फाट आपोआप तिकडे येईल." आणि येते! या एका गोष्टीसाठी मी त्यांच्याकडून पुढच्या दोन वर्षांची सुपं घेईन.

पेरं कशी निवडायची हेही त्यांनीच सांगितलं. दोन गाठींमधलं अंतर हातभराच्या आतबाहेर असतं, त्यामुळे कमानीत एखादी गाठ येणारच. ती बरोबर मध्यावर घ्यायची. गाठीपाशी काडी कमी वाकते. गाठ एकीकडे पडली तर एक पंख ताठ, दुसरा मऊ, आणि मग कागद कितीही नेटका कापा, पतंग वाकडाच जाणार.

मापं सांगते. कागदाचा चौकोन ४५ सेंमीचा. तो टोकावर उभा धरला की वरपासून खालपर्यंत साधारण ६४ सेंमी भरतो, तेवढी उभी काडी. तिला बाजारात ठड्डा म्हणतात, आमचे गुजराती शेजारी ढढ्ढो म्हणतात. ती चपटी आणि मजबूत, तीनेक मिलिमीटर जाडीची. कमान ७४-७५ सेंमी, म्हणजे उभ्या काडीपेक्षा लांब, कारण ती वाकून दोन्ही कोपऱ्यांत बसते आणि वरच्या टोकापासून साधारण १६ सेंमीवर ठड्ड्याला ओलांडते. मध्ये जाड, टोकांकडे निमुळती.

तासण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पळवाट नाही. थोडं तासा, पॉलिश पेपर फिरवा, मध्यभाग बोटावर ठेवून तोलून बघा. नुसतं तोलून भागत नाही. दोन्ही टोकं धरून वाकवा आणि पांढऱ्या भिंतीपुढे बघा, दोन्हीकडचा बाक सारखा दिसला पाहिजे. वजन सारखं पण बाक वेगळा, असं बरेचदा होतं. अशा वेळी जी बाजू कमी वाकते ती अगदी हलक्या हाताने तासायची. माझा निम्म्याहून अधिक वेळ या काडीवर गेला आणि तो तिथेच जायला हवा. कागद कापून चिकटवणं त्यापुढे काहीच नाही.

खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलं असलेल्या घरात नकोच. पतंग थोडाच वर्षभर टिकवायचाय! कागदाच्या चारही कडा दुमडून आत दोरा घेतला की कड फाटत नाही. ठड्डा पूर्ण लांबीने चिकटवायचा. कमान मात्र फक्त दोन टोकांना, कागदाच्या तुकड्यांनी. मधे तिला मोकळं सोडायचं, नाहीतर ती वाकणार कशी? खाली कागदाचा त्रिकोणी पत्ता.

मग कन्नी, म्हणजे पतंगाला दोन जागी बांधलेला दोरा, ज्याला उडवायचा दोरा जोडतात. दोन्ही काड्या जिथे एकमेकींवर येतात तिथे कागदाला बारीक छिद्रं पाडून दोरा दोन्हींभोवती फिरवून बांधायचा. दुसरी गाठ ठड्ड्यावरच, खालच्या टोकापासून वीतभर वर. सुरुवातीला वरचा आणि खालचा दोरा सारख्या लांबीचा ठेवावा. पतंग वर न चढता नुसताच मागे ओढत राहिला, तर वरचा थोडा आखूड करायचा. अगदी थोडा, नखाएवढा. डोंगरीतल्या एका दुकानात मी कमान दाखवायला नेली होती. तिथल्या चाचांनी ती दोनदा वाकवली, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि म्हणाले, "कमान ठीक है. कन्ना हवा में बाँधना, घर में नहीं." म्हणजे घरी गाठ पक्की करायची नाही, उडवताना हवा बघून सरकवायची.

उडवायला गच्चीचा मोह सोडला. आमच्या भोवती टॉवर उभे राहिलेत, त्यांच्यामधून वारा आपटून येतो आणि नव्या पतंगात दोष आहे की वाऱ्यात, हेच कळत नाही. गिरगाव चौपाटीवर दुपारी गेले. जानेवारीत सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तोही मंद. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्राकडून एकसारखा येतो. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं. भाच्याने पतंग धरून पुढे जायचं आणि मी खेचायचं. पहिल्या पतंगाची शेपटी मी लांब ठेवली होती. त्याने वळवळ थांबते, पण पतंग जरा सुस्त होतो. पुढच्या पतंगांची शेपटी कमी करत गेले.

दुपारची वेळ आणखी एका कारणाने बरी. पक्षी सकाळी घरट्यातून निघतात आणि संध्याकाळी परततात, तेव्हा आकाश त्यांना मोकळं राहिलेलं बरं. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयात संक्रांतीच्या सुमारास मांज्याने पंख कापलेली कबुतरं, घारी येतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी डिसेंबर २०२३ मध्ये वाकोल्याला दुचाकीवरून घरी निघालेल्या एका पोलिसाचा मांज्याने गळा कापून जीव गेला. मी साधा सुती दोरा वापरते, ज्याला पतंगवाले सद्दी म्हणतात. त्याने पेच जिंकता येत नाही. कमान तासण्यात संध्याकाळ घातलेला पतंग पेचात लावायची माझी हिंमतही नाही. आणि पतंग रेल्वेच्या वायरीत अडकला तर तो गेला असं समजायचं. लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात.

कायद्याची एक गंमत भाच्याला फार आवडली. १९३४ च्या विमान कायद्यातल्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडरच्या सोबतीला पतंगही बसवलेला होता. तेव्हापासून तो आमच्या पतंगाला विमानच म्हणतो आणि इमारतीतल्या चार पोरांना त्याने पुढच्या संक्रांतीची विमानं कबूल करून टाकली आहेत. बांबू मी चिरून ठेवलाय, माळ्यावर वाळतोय. कागद आणि खळही माझी. कमानी मात्र ज्याच्या त्याने तासायच्या, पॉलिश पेपर घरून आणायचा.