स्लॅबचा हप्ता

इंदूरजवळ राऊला आमच्या घराचं काम चालू आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहेच. आज पहिल्या स्लॅबच्या सळया तपासायला आमचे इंजिनिअर काका आले होते. सत्तरी ओलांडली तरी शिडी चढून थेट वर! वाकून सळईखाली बोट घालून बघितलं, तर कव्हर ब्लॉकच (सळई वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) नाहीत. जाळी सरळ सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) प्लेटांवर टेकलेली. स्लॅबला निदान २० मिमी कव्हर, म्हणजे सळईखाली काँक्रीटचा थर, हवा. नाहीतर सळईला ओल पोचते, ती गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडायला लागतात. ठेकेदार म्हणतो, "भिया, डालते टाइम उठा लेंगे ना!" काका एवढंच म्हणाले, "पहले ब्लॉक, फिर मिक्सर."

आणि ह्या ठेकेदार महाशयांना स्लॅबचा हप्ता आजच हवा होता! करारात 'स्लॅब भरल्यावर' असं स्वच्छ लिहिलंय. बँकही काम बघितल्याशिवाय कर्जाची पुढची रक्कम सोडत नाही. पण बँकेचा माणूस चार फोटो काढतो, काम किती टक्के झालं ते लिहितो आणि निघतो. सळईखाली बोट घालणं काही त्याचं काम नाही. त्यामुळे काकांची फी मला अजिबात जड वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत ब्लॉक लागले. उद्या काका पुन्हा बघतील, मग भरणी. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) आहे, म्हणजे किमान १० दिवस स्लॅबवर पाणी साचवून ठेवायचं. ती ड्यूटी आईने आधीच स्वतःकडे घेतलीय. राऊकडे वेळेवर येणारा टँकरवाला कोणाला माहीत असेल, तर इनबॉक्स करा.